कोरड्या भिंतीचं पाणी

"आजही भरली?" जावई ओरडलाच.

ओलावा ओढणाऱ्या मशीनची टाकी काठोकाठ भरली होती. बुरशीवाल्याने गुडघ्यावर बसून ती बाहेर ओढली आणि पाणी बादलीत ओतलं. घराघरांतल्या भिंतींवरची बुरशी काढून घर कोरडं करून देणं हा त्याचा धंदा. या बेडरूमच्या भिंतीवरचा काळा थर त्याने केव्हाच खरवडून, औषध मारून साफ केला होता. दाराला चेनवाला प्लॅस्टिकचा पडदा लावून आत मशीन सोडलं होतं. पाईप गळत असेल, म्हणून घराचं पाणीसुद्धा मुख्य व्हॉल्व्हपासून बंद केलं होतं. आता त्याने ओल मोजायचं यंत्र भिंतीला टेकवलं आणि डोकं खाजवलं.

"भिंत कोरडी ठणठणीत दाखवतंय, साहेब. मग हे पाणी येतंय कुठून?"

"ते तुम्ही मला सांगायचं!"

"दिवसभरात टाकीत दोन बोटंसुद्धा पाणी जमेनासं झालं, की मगच मी रंग लावू देतो. घाई केली तर रंगाखालून बुरशी पुन्हा वर येते आणि लोक माझ्या नावाने शंख करतात. अजून थोडे दिवस थांबा."

जावयाला यातला एकही शब्द पटला नाही. मशीनचं भाडं दिवसावर होतं आणि घराची किल्ली या माणसाकडे होती. आणखी काय पुरावा हवा? स्वतःच टाकीत पाणी ओततो आणि वर डोकं खाजवून दाखवतो, नाटकी कुठला!

भाड्याचं एक वेळ सोडा हो. पण घर वाळेपर्यंत जावई आणि त्याची बायको तिच्या माहेरी मुक्कामाला होते, आणि तिथे सासरे होते. सासऱ्यांच्या जिभेचा दांडपट्टा रोज जेवायला बसलं की सुरू. "काय जावईबापू, एवढ्यात समुद्र आटला असता! तुमची एक भिंत वाळेना?" नाहीतर, "दारावरच्या पाटीवर तुमचंही नाव घालून टाकू का?" जावई ताटातली भाजी चिवडत बसायचा. सासूबाई मात्र लगेच त्याची बाजू घेऊन नवऱ्यावर तुटून पडायच्या. "अहो, जावई आहेत ते! जिभेला काही हाड? गिळा मुकाट्याने!" सासरे मुकाट्याने गिळायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. इतकी बोलणी खाऊन माणूस सुधारत कसा नाही, याचंच जावयाला नवल वाटायचं.

त्या रात्री तर कहर झाला. जावयाने दुसऱ्यांदा वाढून घेतलं, तर सासरे म्हणाले, "घ्या, घ्या. फुकटचं चांगलं पचतं." सासूबाईंनी हातातला डाव ताटावर आपटला आणि नवऱ्याला असं काही झापलं की शेजाऱ्यांनीही ऐकलं असेल. पण जावई भरल्या ताटावरून उठला तो उठलाच. झोपताना त्याने बायकोला बजावलं, "भिंत वाळो न वाळो, रविवारी आपण इथून निघायचं. आणि यापुढे मी या घराची पायरी चढणार नाही. तुला यायचं तर तू एकटी ये." ती उशीत तोंड खुपसून रडली. बापाला सांगून उपयोग नव्हता, नवऱ्याला समजावून उपयोग नव्हता. सगळं त्या मेल्या भिंतीपायी.

जावयाच्या मते सगळं त्या बुरशीवाल्यापायी. त्याला रंगेहाथ पकडल्याशिवाय जावयाला चैन पडणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो ऑफिसला म्हणून निघाला आणि थेट आपल्या घरी येऊन स्वयंपाकघराच्या दाराआड स्टूल टाकून बसला. मोबाइलचा कॅमेरा तयार ठेवला. बुरशीवाल्याला काय काय सुनवायचं, त्याची मनातल्या मनात उजळणी झाली. आत मशीन घरघरत होतं.

बऱ्याच वेळाने कुलपात किल्ली फिरली. दार हळूच उघडलं, हळूच लागलं. पावलं बेडरूमकडे गेली. पडद्याची चेन सरकली. मग भडाभडा पाणी ओतल्याचा आवाज आला.

"सापडलास बेट्या!" जावई मोबाइल रोखून आत घुसला.

आत सासरे होते. सकाळच्या फेरफटक्याचे बूट पायात, एक पाण्याची बाटली हातात, बाकीच्या पायाशी पिशवीत. लेकीने अडीअडचणीला म्हणून देऊन ठेवलेली जादा किल्ली बोटात लटकत होती. जावयाला बघून त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

"तुम्ही?" जावयाचा आवाज चिरकला. "घरी उठता बसता मला टोमणे मारता, आणि आम्ही जाऊ नये म्हणून इथे येऊन पाणी ओतता? अहो, नकोसे झालोय ना आम्ही तुम्हाला?"

सासरे भिंतीला टेकून खाली बसले.

"तुमच्या सासूबाईंचा भाऊ आजारी होता ना गेल्या वर्षी," ते म्हणाले. "मी तिला भेटायला जाऊ दिलं नाही. उद्या जा, परवा जा करत राहिलो. तोवर तो गेलाच. तेव्हापासून तिने माझ्याशी बोलणं टाकलंय. पोरीला यातलं काही ठाऊक नाही. फोनवर आम्ही आलटून पालटून बोलतो, तिला वाटतं सगळं छान आहे."

"काहीतरीच काय! सासूबाई तर रोज तुम्हाला..." जावई बोलता बोलता थांबला.

सासरे बाटलीचं झाकण लावायला बघत होते. ते काही बसेना.

"तुम्हाला टोचून बोललो, की ती मला रागावते," ते म्हणाले. "तेवढंच बोलते ती माझ्याशी."