गार इंजिन

चौथा प्लगही काळाठिक्कर निघाला. उस्तादाने तो नाकाशी धरला, पेट्रोलचा भपकारा आला, आणि त्याचं डोकंच फिरलं. नव्याकोऱ्या गाडीचे प्लग बदलायची ही तिसरी खेप.

शोरूमचा मॅनेजर मघाशीच बजावून गेला होता, "वॉरंटीत हे शेवटचं. आता इंजिन बसलं तर आपण हात वर करायचे."

गाडी दिसायला देखणी, पण इंजिन मुलखाचं नखरेल. पिस्टन नाहीतच, आत तिकोनी रोटर गरगर फिरतात. गार असताना चालू करून लगेच बंद केलं, की पेट्रोल आतच साचतं आणि प्लग भिजून बसतात. शोरूमच्या आवारात गाड्या पुढेमागे करताना ड्रायव्हर नेमकी हीच चूक करायचे. म्हणून गिऱ्हाइकाला किल्ली देण्याआधी उस्ताद नवे प्लग घालून द्यायचा. आवारातलं एकवेळ समजू शकतो. पण घरी नेलेल्या गाडीला काय धाड भरली होती?

बंद पडलेली गाडी टो करवून घेऊन आलेला म्हातारा बाकावर बसला होता. इस्त्रीचा शर्ट अंगावर नुसता लोंबत होता. किल्ली मुठीत घट्ट. "संध्याकाळच्या आत होईल ना हो?" हेच त्याचं चाललं होतं.

"काका, स्पष्टच विचारतो. गाडी रोज किती चालवता?"

"रोज चालू करतो."

"चालू नव्हे हो. चालवता किती?"

"मला चालवता येत नाही," म्हातारा म्हणाला.

आता बोला! उस्तादाच्या तोंडाशी चांगली खरमरीत शिवी आली होती. म्हाताऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून त्याने ती गिळली. हात पुसत तो शेजारी बसला.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. गाडी त्याच्या लेकाची. हौसेने घेतली, आणि महिनाही झाला नव्हता तोवर लेक ऑफिसच्या जिन्यात कोसळला. तो उठलाच नाही. त्याच्या आईने अन्न टाकलं. घास तोंडापर्यंत न्यायची आणि परत ताटात ठेवायची. एका संध्याकाळी, बॅटरी उतरू नये म्हणून, म्हाताऱ्याने दारातली गाडी चालू करून बंद केली. आतून हाक आली, "आला का रे? हात धू, ताटं घेते." तिने तीन ताटं मांडली आणि कितीतरी दिवसांनी नीट जेवली. त्या दिवसापासून रोज दिवेलागणीला म्हातारा गाडीत जाऊन बसतो, किल्ली फिरवतो, बंद करतो आणि आत जातो.

"काल गाडी चालूच झाली नाही," तो म्हणाला. "ही उपाशी झोपली. मग मीही तसाच पडलो."

"अहो, पण निदान दहा मिनिटं तरी चालू ठेवा! इंजिन तापून काटा वर चढू द्या."

"घरी पोचल्यावर तो दहा मिनिटं गाडीत कशाला बसेल?" म्हातारा म्हणाला. "भुकेला असायचा हो पोरगा."

उस्तादाने नवे प्लग घेतले, एकेक करून बसवले, आणि मॅनेजर काही विचारायच्या आत स्वतःच स्टिअरिंगवर बसला.

वाटेत इंजिन झकास तापलं. कितीतरी दिवसांनी मोकळा रस्ता मिळाला होता त्याला. पण उस्तादाचं लक्ष नव्हतं. त्याला हे पटत नव्हतं. गेलेल्या लेकाची वाट पाहायला एका आईला रोज दाराकडे डोळे लावून बसवायचं? इंजिन गेलं खड्ड्यात, ती बाई आतल्या आत कुजेल त्याचं काय?

"काका, काकूंना कुणीतरी खरं सांगायला हवं. तुम्हाला जमत नसेल तर मी सांगतो."

म्हाताऱ्याने त्याचा दंडच धरला. "पाया पडतो, सांगू नका. मोडून पडेल ती."

पण उस्तादाचं ठरलं होतं. आज ना उद्या हे फुटणारच, मग आजच फुटू दे.

त्याने गाडी दारात लावून बंद केली. म्हातारा जागचा हलेना. हात मांडीवर ठेवून तो समोरच्या काचेकडे बघत राहिला. "तुम्ही व्हा पुढे," तो म्हणाला. "आलोच मी."

दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात काकू ओट्यापाशी उभ्या होत्या. बारीक, ताठ, केस चापूनचोपून बांधलेले. उस्तादाचे काळे हात पाहून त्यांनी साबण पुढे केला.

"वर्कशॉपमधून आलात ना? झाली का गाडी नीट?"

"झाली." उस्तादाने हात धुतले. "काकू, मला तुमच्याशी जरा बोलायचंय. तुमच्या मुलाबद्दल..."

आणि तो अडखळला. टेबलावर ताटं मांडलेली होती. दोनच.

बाहेर गाडीचं दार लागलं. पायऱ्यांवर म्हाताऱ्याची पावलं वाजली. काकूंनी चटकन मांडणीतून तिसरं ताट काढलं, त्या दोन ताटांशेजारी ठेवलं आणि दाराच्या दिशेने खणखणीत आवाजात हाक मारली, "आला का रे? हात धू, ताटं घेते!"

मग उस्तादाकडे वळून त्या हळूच म्हणाल्या, "असं म्हटल्याशिवाय हे जेवत नाहीत हो."