गवती चहाची पूड

गवती चहाचं तेल फवारून वाळवलेली पूड नलिनीने उकळत्या पाण्यात टाकली, पण वासच सुटेना.

“नलूताई, ही भावोजींच्या वाट्याची पुडी,” शेजारची हेमांगी म्हणाली. “इथे चंद्रावर पुड्या चोरीला जातात, म्हणून पुडीतल्या तेलाच्या कणांवरचं कवच ज्याच्या त्याच्याच घामाने विरघळतं. आता ते नाहीत, तर परत करून टाका.”

ती गेल्यावर नलिनीने उशीखाली जपलेला नवऱ्याचा न धुतलेला सदरा काढला. घामट कॉलर जराशी ओली करून तिने उरलेली पूड त्यावर चोळली. खोलीभर गवती चहा दरवळला, थेट पृथ्वीवरच्या घराच्या परसातला. तिला हसू फुटलं.

मग रोजच्या सवयीने तिने सदऱ्यात नाक खुपसलं. सदऱ्याला आता फक्त गवती चहाचा वास येत होता.