टेबल सोडून गेलेल्या बायका

"त्यांच्या घरी जा आणि का गेलात ते विचारा," पामेला म्हणाली. "विचारून झालं की गप्प बसा. समोरची बोलेपर्यंत गप्प."

आन्सेल्मोला हा शहरी बाईचा खुळेपणा वाटला. पामेला इक्वेडोरच्या राजधानीतून, कीतोहून, आली होती. माणसं कशी सांभाळावीत हे मुकादमांना शिकवायला मळ्याच्या मालकांनी तिला बोलावलं होतं. दोन दिवस ती गुलाबांच्या थंडगार शेडमध्ये स्टुलावर बसून नुसती बघत राहिली होती. पण चार महिन्यांत मुकादम आन्सेल्मोच्या टेबलावर गुलाब छाटून जुड्या बांधणाऱ्या सहा बायका काम सोडून गेल्या होत्या, आणि फेब्रुवारीतला प्रेमिकांचा दिवस तोंडावर आला होता. नाही म्हणायची सोय नव्हती.

तीस वर्षं त्याने कायांबे भागातल्या गुलाबांत काढली होती. देठाची लांबी तो नुसत्या नजरेने सांगायचा. तो टेबलाजवळ आला की बायकांचं बोलणं थांबे, कात्र्यांचा आवाज तेवढा उरे. ही आपल्या शिस्तीची कमाई, असं तो समजत आला होता.

संध्याकाळी सुटी झाली की तो सडकेच्या कडेला उभा राही. दुसऱ्या मळ्यांच्या बसगाड्या तिथून जात. खिडक्यांतले चेहरे तो एकेक करून बघे. त्याची मुलगी जानेथ तबाकुंदोकडच्या कुठल्याशा मळ्यात आहे, एवढंच त्याला माहीत होतं. बायको वारल्यावर एकट्याने वाढवलेली पोर. पाच वर्षांपूर्वी ती याच टेबलावर होती. मुलीला झुकतं माप देतो असं कुणी म्हणू नये, म्हणून तो तिला इतरांच्या दुप्पट बोले. एक दिवस तिच्या जुड्या वाकड्या बांधल्या गेल्या. त्याने त्या सगळ्यांदेखत जमिनीवर फेकल्या. तिने काहीतरी सांगायला तोंड उघडलं. तोंड नको, हात चालव, असं तो म्हणाला. तिने एप्रन काढून टेबलावर ठेवला आणि ती निघून गेली. येईल आपण होऊन, असं त्याला आधी वाटे. मग वाटेनासं झालं. बसगाड्या बघणं मात्र सुटलं नाही.

रविवारी तो आयोरा गावी झोइलाच्या घरी गेला. सोडून गेलेल्यांत ती शेवटची. ती अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. त्याला बघून ती उठून उभीच राहिली. नवऱ्याने बाक आणून ठेवला, टोपी काढली आणि तो घरात गेला.

"का गेलीस, एवढंच विचारायला आलोय," आन्सेल्मो म्हणाला.

मग तो गप्प बसला. असं बसणं त्याला जड गेलं. दोनदा शब्द ओठांवर आले, ते त्याने गिळले. झोइलाने पाच-सहा शेंगा सोलल्या. मग हळूहळू ती सांगू लागली. नव्या मळ्यातही पगार तेवढाच आहे. पण तिथे गेल्यावर महिन्याभरातच तिचा मुलगा तापाने फणफणला होता. तिथली मुकादम तिचा चेहरा बघून जवळ आली. काय झालं म्हणून विचारलं. तिला घरी धाडलं आणि तिच्या वाटचे गुलाब संध्याकाळपर्यंत स्वतः उभं राहून छाटले, बांधले.

"तुमच्याकडेही तो एकदा तापला होता," झोइला म्हणाली. "मी बोललेच नाही."

कोण ही मुकादम, त्याने विचारलं. झोइलाचे हात थांबले.

"तुम्हाला खरंच ठाऊक नाही? आपली जानेथ. आम्ही सहाही जणी तिच्याचकडे आहोत. ती म्हणते, टेबल कसं चालवायचं ते मी बाबांच्या टेबलावर शिकले."

क्षणभर त्याचा ऊर भरून आला. मग ती काय शिकली असेल ते त्याच्या ध्यानात आलं, आणि तो जमिनीकडे बघत राहिला. या वेळी तो गप्प बसला तो पामेलाने सांगितलं म्हणून नव्हे.

झोइलाने शेंगांचं टोपलं बाजूला सारलं.

"मुकादमसाहेब," ती म्हणाली, "त्या दिवशी ती तुम्हाला सांगणार होती. तिला दिवस गेले होते. तुमची नात चार वर्षांची झाली आता. तिथल्याच पाळणाघरात असते."

हे आणखी कुणाला माहीत आहे, असं त्याने कसंबसं विचारलं. सगळ्यांनाच, झोइला म्हणाली. अख्ख्या शेडला. चार वर्षांपासून.

सोमवारी सकाळी आन्सेल्मो टेबलाशी आला तेव्हा नेहमीप्रमाणे बोलणं थांबलं. त्याने कात्री उचलली, परत ठेवली. बारा बायका खाली मान घालून देठ छाटत होत्या. ही माणसं इतकी वर्षं रोज आपल्यापासून हातभर अंतरावर उभी होती, आणि आपल्या नातीची बातमी त्यांच्याजवळच पडून होती.

"कशी दिसते ती?" त्याने विचारलं.

कोण ती, असं कुणी विचारलं नाही. तो उभा राहिला, तसाच. मग टेबलाच्या टोकाशी असलेल्या देल्फिनाने हातमोजे काढले. तिची बहीण त्या पाळणाघरात कामाला होती. डोळे जानेथचे, केस आज्जीचे, असं ती चाचरत म्हणाली. शेजारचीने भर घातली, चालते तुमच्यासारखी, हात मागे बांधून. तिसरी हसली. आणि मग सगळ्या एकदमच बोलू लागल्या.

"आणि आवाज म्हणाल तर," देल्फिना म्हणाली, "आवाज थेट तुमचा. दुपारी पोरं निजली तरी हिची बडबड चालूच. तिला गप्प करता करता माझी बहीण टेकीला येते."

आन्सेल्मोने बाहीने डोळे पुसले.

"बहिणीला सांग," तो म्हणाला, "तिला गप्प करू नका."