खांबाचं ताट

येळवशीच्या सणाला सोजरबाईनं शेतातल्या कडब्याच्या कोपीत पूजा मांडली आणि भज्जी-आंबिलीचं एक ताट दरसालप्रमाणे बांधावरच्या बोलक्या खांबापुढं ठेवलं. शेती प्रकल्पवाल्यांनी गावोगाव बसवलेल्या या खांबाला हवेतल्या कीटकांचा वास कळायचा, पण शेंगा दिसायच्या नाहीत. म्हणून रोज सकाळी तो विचारायचा, "सोजरबाई, तूर कशी आहे?" आणि ती त्याला सख्ख्या भावासारखं सगळं सांगायची.

यंदा तूर अळीनं पोखरून टाकली होती. ओढ्यापलीकडच्या गावाहून जेवायला आलेली तिची बहीण कौसा मात्र म्हणाली, "आमची वाचली बाई. अळी पडायच्या आधीच आमच्या खांबानं फवारा म्हणून सांगितलं."

सोजरबाईचा घास हातातच राहिला. ती उठून खांबापाशी गेली.

"अळी येणार हे तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग बोलला का न्हाईस?"

"तुमचं गाव तुलनेसाठी आहे. इथं फक्त विचारायचं, सांगायचं नाही. तुम्हालाही सांगितलं असतं, तर सल्ल्यानं गरीब शेतकऱ्याचा किती फायदा होतो, हे मोजता आलं नसतं."

"मग मी काय बागायतदारीण हाय व्हय रे?"

 खांब नेहमीच्याच मायेनं म्हणाला, "यंदाची शेवटची नोंद राहिलीय. सोजरबाई, तूर कशी आहे?"

पोखरलेल्या शेंगांकडं बघत ती म्हणाली, "लई झकास. एका शेंगंला अळी लागली न्हाई. घे लिहून."

आणि त्याच्यापुढचं ताट उचलून तिनं गाईपुढं ठेवलं.