वेगळ्या चुली

"अरे, असं भांडतात का? शेजारी साखर मागायला गेल्यासारखं!" आई दोन्ही मुलांवर खेकसली. "आवाज चढवा. पाहणीचे साहेब जिन्यात आलेत."

जुनी इमारत पाडून तिथे टॉवर उभा राहणार होता. जितकी कुटुंबं, तितके फ्लॅट. आणि कुटुंब वेगळं की एकत्र, हे ठरणार चुलीवरून. इथे थोरला, धाकटा, दोघांच्या बायका, पोरं आणि आई इतकी वर्षं दोन खोल्यांत, एकाच शेगडीवर जेवत आली होती. एकच फ्लॅट मिळाला तर पुन्हा तीच दाटी, आणि या शहरात भाड्याची जागा दोघांच्याही आवाक्याबाहेरची. म्हणून भांडणाची कल्पना आईची. भावाभावांत कधी तू तू मैं मैं झालं नव्हतं, तीच मोठी पंचाईत होती.

आठवडाभर तिने तालीम घेतली. कोणी काय बोलायचं, कोणत्या सुनेने कधी नाक मुरडायचं, सगळं तिचं. मधलं दार प्लायवूड ठोकून बंद केलं. नवी शेगडी आली, भांडी वाटली, डबे वाटले. प्लायवूड ठोकताना आईची खाट आडवी येत होती, ती तेवढी बाहेर पॅसेजमध्ये काढली. तात्पुरती.

साहेब आत शिरले ते थेट धाकट्याच्या शेगडीपाशी. बोट फिरवून पाहिलं. कोरी करकरीत.

"जुनी बिघडली," धाकटी म्हणाली.

साहेबांनी तिच्या पातेल्यावरचं झाकण उचललं. मग थोरलीच्या खोलीत जाऊन तिथलंही उचललं.

"दोन्हीकडे एकच भाजी?"

"भाजीवाला एकच येतो ना, साहेब," थोरली म्हणाली.

तेवढ्यात धाकट्याची मुलगी रिबीन घेऊन धावत आली आणि थोरलीसमोर पाठ करून बसली. "काकू, वेणी!"

साहेब हसले.

"रोज अशी नाटकं बघतो मी. खोटं निघालं तर नाव बाद. मग एकही फ्लॅट नाही, माहीत आहे ना?"

धाकट्याला त्याचं पाठ केलेलं वाक्य आठवेना. आई दाराबाहेरच्या खाटेवरून डोळ्यांनी खुणावत होती, पण तिच्याकडे बघतंय कोण!

साहेब निघाले. पॅसेजमध्ये खाटेपाशी थबकले आणि मागे आलेल्या दोघा भावांकडे वळले.

"आजी कोणाकडे असतात?"

हा प्रश्न तालमीत नव्हता.

"त्याच्याकडे," दोघे एकदमच म्हणाले.

"माझ्याकडे कुठे? थोरला तू आहेस."

"आणि लाडका कोण? सगळं आयुष्य तुझंच केलंय तिने."

"माझी चार माणसं मावायची मारामार, त्यात हिला कुठे ठेवू?"

"माझ्याकडे काय महाल आहे? नव्या जागेत तरी पोरांना एक कोपरा मिळू दे!"

गळ्याच्या शिरा ताणल्या गेल्या. बायका धावत बाहेर आल्या आणि आपापल्या नवऱ्याच्या बाजूने उभ्या राहिल्या. साहेबांनी थोडा वेळ ऐकलं आणि पेन काढलं.

"दोन कुटुंबं," ते म्हणाले. "खात्री पटली."

ते जिना उतरून गेले तरी आवाज थांबले नाहीत. आई खाटेच्या कडेला बसून ऐकत होती. यातलं एकही वाक्य तिने शिकवलेलं नव्हतं.