मे महिन्यातली कानटोपी

दार उघडलं आणि केतन दोन पावलं मागेच सरला. मे महिन्याच्या भर दुपारी त्याची आई उंबऱ्यात लोकरीचा स्वेटर घालून उभी होती. डोक्याला कानटोपी, पायांत मोजे. तिच्या मागून बर्फाच्या कारखान्याचं दार उघडावं तसा गार वारा आला.

"आलास रं बाला! ये, ये, लवकर आत ये. दार लाव आदी." हौसाबाईने त्याला पोटाशी धरलं आणि तशीच, त्याला न सोडता, एका हाताने कडीही घातली.

विमानतळापासून पनवेलपर्यंत केतन टॅक्सीच्या खिडकीतून तोंड बाहेर काढून बसला होता. ड्रायव्हरला वाटलं, गडी वेडा आहे. वेडाच झाला होता तो, आनंदाने! नॉर्वेच्या पार उत्तरेला, एका गॅस प्रकल्पात त्याने तीन वर्षं काढली होती. हिवाळ्यात दोन महिने तिथे सूर्य तोंडसुद्धा दाखवत नसे. बाकीचे बहुतेक दिवस आभाळ राखेसारखं. जेवणाच्या सुट्टीत लोक मन ताळ्यावर राहावं म्हणून खास पांढऱ्या दिव्यांसमोर बसत. केतनही बसे आणि डोळे मिटून घरची गच्ची आठवे. पावसाळ्याच्या बेगमीची सुकट पसरलेली आहे, लादी तव्यासारखी तापली आहे आणि तो काठी घेऊन कावळे हाकतो आहे. लहानपणी ह्याच कामावरून त्याने घर डोक्यावर घेतलं होतं. आता कुणी ते काम देऊ केलं असतं, तर तो नोकरी सोडून धावत आला असता.

खरं सांगायचं तर तो तसाच आला होता. नोकरीला रामराम ठोकायचं त्याने पक्कं केलं होतं. घोडं अडलं होतं ते एकाच जागी. आईबापाला सांगायचं कसं? त्याच्या बापाने, काशीरामने, आपटा गावच्या सोयऱ्यांपासून उरणच्या आत्याबाईंपर्यंत एकही माणूस सोडला नव्हता. 'आमचा केतन फॉरेनला हाय' हे ऐकल्याशिवाय पाहुण्याला चहा मिळत नसे. त्यात केतननेही फोनवर थापा ठोकलेल्या. "हितं झकास हाय, आये. थंडी मला जाम मानवते." आईने रडू नये म्हणून तो हे बोलायचा आणि फोन ठेवून स्वतःच रडायचा.

आतल्या खोलीत पडदे ओढून अंधार केला होता. भिंतीवर नवाकोरा एसी गुरगुरत होता, त्यावर सोळाचा आकडा. काशीराम गळ्याला मफलर गुंडाळून आणि वर शाल घेऊन बसला होता.

"कसा वाटतंय?" त्याने दात वाजवत विचारलं. परीक्षेचा निकाल ऐकायला बसल्यासारखा चेहरा. "तुज्या तिकडच्यावानी हाय ना?"

केतनने एसीवरचा आकडा पुन्हा एकदा वाचला. हे आपल्या थापांचं फळ! उन्हासाठी एवढ्या लांबून जीव टाकत यावं आणि आईबापाने मायेपोटी नॉर्वेच उचलून घरात आणून ठेवावं! हसावं की रडावं, त्याला कळेना.

"झकास हाय, बाबा," तो कसंबसं म्हणाला. "मी जरा गच्चीवर जाऊन येतो."

"नाय, नाय! उन्हात गेला का सवय मोडते," हौसाबाई म्हणाली आणि त्याच्या अंगावर घोंगडी टाकली.

इतक्यात दारावर थाप पडली. शेजारची भामाकाकी वाटीत कोलंबीचं कालवण घेऊन आली होती. तिने दारातूनच नाक मुरडलं. "बरा झाला तू आलास. महिना झाला, ही दोघं आशीच कुडकुडत बसतान. आता तूच काय ते बग." आणि थंडीच्या भीतीने ती वाटी देऊन पळालीच.

पाठोपाठ लाइट गेली. दुपारची लोडशेडिंग! एसीने एक उचकी दिली आणि तो गप्प झाला. केतनच्या जिवात जीव आला. आता मात्र त्याला राहवेना. उठून त्याने पडदे सर्रकन बाजूला केले, खिडकी सताड उघडली. ऊन नुसतं धबाधबा आत आलं. लाद्यांवर सांडलं, भिंतींवर चढलं, त्याच्या तोंडावर, मानेवर, छातीवर पसरलं. दोन्ही हात पसरून तो उन्हात उभा राहिला. किती दिवसांनी! त्याला मोठ्याने ओरडावंसं वाटलं.

"बंद कर, बंद कर!" ओरडली ती हौसाबाईच. "गारवा जाईल सगला!"

"जाऊ दे!" केतन गर्रकन वळला. "आये, मला ऊन पायजे. तीन वर्षं तरसलोय मी उन्हासाठी. फोनवर सांगितला ते समदा खोटा. मी परत नाय जायचा. शिव्या द्या, मारा, गावात तोंड दाखवायला जागा नाय म्हना. पन मी हितंच ऱ्हानार!"

काशीराम बायकोकडे बघत राहिला. मग त्याने गळ्याचा मफलर हळूहळू सोडवला. आता हा माणूस उठून आपल्या कानाखाली वाजवणार, असं केतनला वाटलं.

पण काशीराम मफलरमध्ये तोंड खुपसून रडायलाच लागला. हौसाबाईने कानटोपी उपटून कोपऱ्यात भिरकावली. रडत, हसत ती लेकाच्या अंगावर धावून गेली.

"मेल्या, आदी सांगायचा ना! तू येत नाय म्हनून आमी दोघं तुज्याकडं कायमचा ऱ्हायला यायची सवय करत होताव!"