पहिले नट

धाकट्या भावाचं, अपूर्वचं, तेरावं आटोपून श्रीनाथ प्रथमच कामावर आला होता. शहराच्या फ्रीगंज भागात तेव्हा स्प्लिट एसी नवे नवे येत होते आणि श्रीनाथ ते बसवायचा.

एसीच्या तांब्याच्या नळीचं तोंड फुलवण्याआधी तिच्यावर पितळी नट ओवावा लागतो. तोंड फुललं की तो जात नाही. श्रीनाथ हमखास विसरायचा. म्हणून अपूर्व नट मुठीत धरून शेजारी बसायचा आणि म्हणायचा, “दादा, पहिले नट.”

आज कुणीच काही म्हणालं नाही. तोंड फुलवून झाल्यावर श्रीनाथला आठवलं. आता नळी कापणं आलं. त्याने कटर उचललं, तर नट नळीवर ओवलेला होता.

ज्यांच्या घरी एसी बसत होता त्या विनोदिनीमामी चहा घेऊन आल्या. “चेहरा का असा उतरला रे?”

“काही नाही, मामी.”

दुसरा नट त्याने हातात घेऊन पाहिला. गार होता. तो त्याने अवजारांच्या पेटीत टाकला, झाकण लावलं आणि पेटीवरच बसला. मग दुसऱ्या नळीचं तोंड मुद्दाम तसंच फुलवलं. नळी या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामी होती, नट नव्हता.

श्रीनाथला रडू फुटलं.

“अरे, असं काय करतोस?” मामी जवळ आल्या. “झालं की तुझं काम. नटसुद्धा बसलाय.”

त्याने डोळे पुसून दुसऱ्या नळीकडे पाहिलं. मग नटाला हात लावला. तो कोमट होता, घामाने ओलसर, कुणीतरी बराच वेळ मुठीत धरून बसल्यासारखा.